घरी केलेलं गुलाबाचं सिरप साखर निम्मी ठेवून आणि केमिकल न घालता वर्षभर टिकवता येईल का?

नाही. वर्षभर टिकवायचं असेल तर साखर निम्मी चालणार नाही, आणि निम्मीच हवी असेल तर वर्षभराचं विसरा. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पाकळ्यांच्या वाटीभर पाण्याला वाटीभर साखर घेतली, पंधरा दिवसांत बाटली फसफसली आणि आता कुणीतरी साखरेऐवजी गूळ घालायला सांगितलंय. ते वाचून राहवलं नाही, कारण हाच प्रयोग माझ्या सासुरवाडीच्या मंडळींत होऊन गेलाय आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मी डी.फार्म. (औषधनिर्माणाची पदविका) केलेला माणूस, सगळी हयात मेडिकलच्या काउंटरमागे गेली. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आमच्याकडून ‘सिंपल सिरप’ करून घेत. इंडियन फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या प्रमाणांचा अधिकृत ग्रंथ, त्यातलं प्रमाण असं: साखर 667 ग्रॅम, आणि एकूण वजन 1000 ग्रॅम भरेल इतकं पाणी. बाकी काही नाही. इतक्या दाट पाकात यीस्ट, म्हणजे आंबवणारे जंतू, पडलं तर त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, मग ते वाढणार कसं? म्हणजे त्या बाटलीत साखर राखणदार म्हणून बसलेली असते. तुम्ही अर्धे राखणदार काढून टाकले आणि आता विचारताय चोरी कशी झाली.

त्यात वाटीचं माप. वाटीभर साखरेचं वजन वाटीभर पाण्यापेक्षा कमी भरतं. त्यामुळे वाटीला वाटी घेतली की साखर 46 टक्क्यांच्या आसपासच येते, 50 सुद्धा नाही. आणि आपल्याला गाठायचेत 65 ते 67. काटा घ्या. वाटीवर भरवसा ठेवणाऱ्यांचं काय होतं ते आता सांगतो.

आमचे साडू, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, वाईच्या बाजूला थोडी शेती घेऊन आहेत. बांधावर गावठी गुलाबाची रांग आहे, गुलाब खरंच उत्तम. सकाळी ऊन चढायच्या आत तोडला तर हाताचा वास दुपारपर्यंत जात नाही. नवीन घर बांधलं तेव्हा वास्तुशांत मे महिन्यात होती, आणि अण्णांनी ठरवलं की पाहुण्यांना बाजारचं काही द्यायचं नाही, आपल्या शेतातल्या गुलाबाचं सरबत द्यायचं. विचार चांगला होता. मी आपणहून म्हटलं, प्रमाण मी सांगतो, नाहीतर करूनच देतो. तर म्हणाले, “नको हो, तुम्ही मेडिकलवाले प्रत्येक गोष्टीत काहीतरी टाकता. आपलं शुद्ध राहू दे.” बरं, राहू दे.

सिरप त्यांनी महिनाभर आधी केलं. वाटीला वाटी साखर, त्यातली थोडी काढून गूळ, वरून मध. लिंबूसत नाही. पाकळ्या उकळून उकळून पार चिंध्या केलेल्या. सगळं कोल्ड्रिंकच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून, झाकणं घट्ट पिळून, पत्र्याखालच्या खोलीत ठेवून दिलं. मे महिना, पत्र्याची खोली, आणि आत अर्धवट गोड पाणी. यीस्टला याहून अधिक काय हवं?

वास्तुशांतीच्या दिवशी पूर्णाहुती झाली आणि पहिली बाटली गुरुजींसमोरच उघडली. झाकण छताला लागलं. फेस गुरुजींच्या उपरण्यावर, पाटावर आणि अण्णांच्या नव्या सदऱ्यावर. त्यांच्या चुलत काकूंनी पेला नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अरे, ही तर ताडी.” यावर अण्णांचं म्हणणं काय? “हे नैसर्गिक आंबणं आहे, पोटाला चांगलं असतं.”

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या बायकोने बहिणीला द्यायला म्हणून आमच्या घरच्या दोन बाटल्या गाडीत आणल्या होत्या. गुलाब अण्णांच्याच बांधावरचे, सिरप मी केलेलं, लिंबूसत घालून. मेहुणीने गुपचूप त्याच बाटल्यांचं सरबत केलं आणि पंगतीला फिरवलं. लोकांनी मागून मागून प्यायलं. आणि अण्णा प्रत्येकाला सांगत होते, “घरच्या गुलाबाचं आहे, एक थेंब केमिकल नाही.” मी तिथेच खुर्चीत बसलेलो. पुढे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी विषय काढला तर म्हणतात, तुमचं टिकलं कारण त्यात केमिकल होतं. म्हणजे पंगतीत शुद्ध आणि ग्रुपवर केमिकल, बाटली तीच!

तर त्या लिंबूसताबद्दल. लिंबूसत म्हणजे सायट्रिक आम्ल. 1784 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते लिंबाच्या रसातूनच वेगळं काढलं. आज कारखान्यात ते साखरेच्या किंवा उसाच्या मळीच्या द्रावणावर एक बुरशी वाढवून काढतात, पण रेणू तोच, लिंबातला आणि पुडीतला यांत काडीचा फरक नाही. अण्णांच्याच घरी खमण आणि पनीर त्याच पुडीवर होतात. सिरपमध्ये त्याची तीन कामं असतात. एक तर पाकाबरोबर तापताना ते थोडी साखर फोडतं, म्हणून तळाला खडे धरत नाहीत. दुसरं, आंबटपणा वाढला की जंतूंना अधिक जड जातं. आणि तिसरं म्हणजे रंग. गुलाबाच्या पाकळ्यांचं पाणी गाळल्यावर मातकट, कळकट दिसतं आणि लोक घाबरून खायचा रंग ओततात. चिमूटभर लिंबूसत टाका, डोळ्यांदेखत गुलाबी होतं. जास्वंदीचं काळपट जांभळं पाणी लाल होतं तेही यामुळेच. हे रंग आम्लात खुलतात, खायचा सोडा पडला तर हिरवट-निळसर होतात.

करायचं असं. गावठी गुलाबाच्या पाव किलो पाकळ्या, बुडाचा पांढरा भाग कात्रीने उडवून द्या, तो कडू असतो. सव्वा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, पाकळ्या त्यात दाबा, झाकण ठेवा आणि रात्रभर राहू द्या. पाकळ्या उकळू नका. वास वाफेबरोबर निघून स्वयंपाकघरभर पसरतो, तुम्ही खूश होता आणि बाटलीत काही उरत नाही. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून पाण्याचं वजन करा आणि त्याच्या दुप्पट साखर घ्या, वजनाने. किलोभर साखरेला लिंबूसत 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. स्टीलचं पातेलं घ्या, लोखंडाचं नको, रंग काळवंडतो. साखर विरघळून एक हलकी उकळी आली की बास. वरचा फेस काढून टाका. तार बघत बसू नका, ही काही जिलबी नाही. जास्त आटवलंत की थंड झाल्यावर खडे होणारच.

आता अशी गोष्ट जी कुणी सांगत नाही. गरम सिरप भरून लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी खाली पडतं आणि वरचा थर पातळ होतो. बुरशी नेमकी तिथेच येते, खालचं सिरप चांगलं असूनही. म्हणून पूर्ण निवू द्या, तोवर तोंडाला फडकं बांधा, मग काचेच्या खणखणीत कोरड्या बाटलीत भरा. ओला चमचा घालायचा नाही. बंद बाटली अंधाऱ्या, गार जागी राहते, उघडली की फ्रिजमध्ये. आंबणार नाही, मात्र रंग आणि वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तितकाच ताजा राहील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गूळ नको. त्यात आधीच ओल असते, तो लवकर आंबतो आणि गुलाबाचा वास मारून टाकतो. मधातही पाणी पडलं की तो आंबतो. स्टेव्हिया हे साखरेऐवजी वापरतात ते वनस्पतीचं गोडवण, ते गोड करतं, टिकवत नाही. साखर खरंच कमी हवी असेल तर वजनाने समसमान घेऊन करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या करा. बाजारात फळांच्या सिरपला किमान 65 टक्के विद्राव्य घटक (पाण्यात विरघळलेले, मुख्यतः साखर) लागतात, स्क्वॉशला 40 चालतात, म्हणून तर स्क्वॉशमध्ये बेंझोएट किंवा सल्फाइट ही टिकवणारी रसायनं घालतात. तसलं घरी घालायचंच असेल तर बेंझोएट घाला, कारण सल्फाइटने फुलांचा रंग उडतो. पण बाटलीत साखर भरपूर ठेवून ग्लासात सिरप कमी घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे, आणि नेमका तोच कुणाला पटत नाही.

वापराचं तुम्ही विचारलंय ते थोडक्यात: गार पाणी, सोडा, सब्जा, फालुदा, बर्फाचा गोळा. दुधासाठी वेगळी बाटली करा, लिंबूसताशिवाय, नाहीतर गरम दूध फाटेल. गोकर्णाचं सिरप करणार असाल तर लिंबू बाटलीत नको, ग्लासात पिळा, निळ्याचं जांभळं होताना पोरं बघत राहतात. मोगरा मात्र तापवूच नका, गार पाण्यात रात्रभर फुलं ठेवा, तेवढं पुरे.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहितो. फुलबाजारातले लांब दांड्याचे डच गुलाब घेऊ नका, त्यांना वास नसतो आणि त्यांच्यावर फवारे मारलेले असतात. देवाला वाहतात म्हणून फूल खाण्याजोगं ठरत नाही, कण्हेर, बिट्टी आणि धोतरा विषारी आहेत. 30 मिली सिरपमध्ये साधारण 26 ग्रॅम साखर जाते, तेव्हा मधुमेह असेल तर हे तुमचं पेयच नाही, फुलाचं असलं तरी. बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा घरात कुणी गरोदर असेल तर जास्वंदीचं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तुमची ती फसफसलेली बाटली काचेची असेल तर तोंडाशी धरून उघडू नका. टॉवेल गुंडाळा, मोरीत नेऊन सावकाश सैल करा आणि ओतून द्या. चव बघायची गरज नाही.

अण्णा हे वाचत असतील तर: यंदाच्या बाटल्या तयार आहेत. न्यायला स्वतः या, दरवेळी ताईंना पाठवू नका. आणि लिंबूसत घातलंय.