ताबा, सार्वभौमत्व आणि स्वायत्तता

प्रश्न असा आला: वायव्य आफ्रिकेतल्या पश्चिम सहाराच्या एकाच बातमीत मोरोक्कोचा ‘ताबा’, ‘सार्वभौमत्व’ आणि ‘स्वायत्तता’ असे तीन शब्द वाचले. अर्थ एकच का?

एकच असता तर पन्नास वर्षं भांडण चाललं नसतं.

ताबा डोळ्यांना दिसतो. वाळूचा आणि दगडमातीचा सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा बांध, त्याच्या कडेने सुरुंग. पश्चिमेकडचा मोठा भाग मोरोक्कोकडे, पलीकडची पट्टी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ या संघटनेकडे. इथल्या बू क्राच्या खाणीतलं फॉस्फेट शंभरेक किलोमीटरच्या सरकपट्ट्यावरून समुद्रापर्यंत जातं, तेही मोरोक्कोच्याच हाताखाली.

सार्वभौमत्वाचं तसं नाही. सर्वभूमीवरून सार्वभौम, मुळात सगळ्या पृथ्वीचा राजा. म्हणजे आपला शब्द भूमीला चिकटलेला आहे, आणि नेमकी तिथेच मेख आहे. तोवर इथे राज्य करणारा स्पेन निघायच्या बेतात असताना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिलं: इथल्या काही टोळ्या मोरोक्कोच्या सुलतानाशी इमान राखून होत्या, पण त्यावरून या भूमीवर त्याचं सार्वभौमत्व ठरत नाही. पावसामागे कळप हाकणाऱ्या, स्वतःला ‘ढगांची लेकरं’ म्हणवणाऱ्या माणसांचं इमान एक, जमीन दुसरी. त्यांचं त्यांनीच ठरवावं, हा स्वयंनिर्णय. तीन आठवड्यांत मोरोक्कोने साडेतीन लाख लोकांचा ‘हरित मोर्चा’ हद्दीपार नेला, तो भाग वेगळा.

आता स्वायत्तता. आपल्याकडच्या स्वायत्त महाविद्यालयाचं उदाहरण घ्या: अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीवर शिक्का मात्र विद्यापीठाचा. मोरोक्कोचा २००७चा प्रस्ताव याच जातीचा आहे. स्थानिक कारभार तुमचा. झेंडा, परराष्ट्र व्यवहार, संरक्षण राजाचं. म्हणून ‘स्वायत्तता देऊ केली’ याचा अर्थ ‘स्वातंत्र्य देऊ केलं’ असा लावणं ही साफ चूक आहे, आणि ती छापून येते. पोलिसारिओला हवं होतं ते सार्वमत, ज्यात स्वातंत्र्याचाही पर्याय असेल. १९९१च्या युद्धबंदीबरोबर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेच्या नावातही सार्वमत आहे. ते अजून झालेलं नाही.

चौथा शब्द ‘मान्यता’. ती देता येते, काढूनही घेता येते: भारताने पोलिसारिओच्या सहरावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये दिली, २००० मध्ये मागे घेतली.

जाता जाता: अरबीत ‘सहरा’ म्हणजेच वाळवंट. तेव्हा ‘सहारा वाळवंट’ हे आपल्या ‘लेडीज बायकां’च्या पंगतीतलं, आणि आधार या अर्थाच्या ‘सहारा’शी त्याचं काही नातं नाही.