अनोळखी गावांतून सायकलने एका दिवसात किती किलोमीटर जाता येतं?

तुम्ही लिहिलंय की शहरात रोज पंधरा किलोमीटर सायकल चालवता आणि आता एक अख्खा दिवस कधीच न पाहिलेल्या गावांतून जायचंय, तर किती किलोमीटरचा बेत आखावा. आकडा हवाच असेल तर घ्या. देशावर, म्हणजे सांगली-पंढरपूरकडच्या सपाट रस्त्यांवर, थोड्या सवयीने ८० ते १०० होतात. कोकणात त्याच्या निम्मे धरा. पण हा आकडा ठरवून घराबाहेर पडू नका. या प्रश्नावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या सायकल राइड, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर वगैरे. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण २०० करणाऱ्याने ६० करणाऱ्याला ‘ही काय राइड झाली, ताई?’ असं भरल्या पंगतीत विचारावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तो ज्या राइडबद्दल बोलत होता ती दापोली तालुक्यातल्या मुरुडपासून गुहागरपर्यंतची. मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, मग फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे आणि पुढे गुहागर. अंतर साठच्या आत-बाहेर. मी सांगलीची, त्यामुळे चढ म्हणजे काय ते मला त्या रस्त्याने शिकवलं. नकाशावर तो समुद्राला धरून जाताना दिसतो. प्रत्यक्षात गाव असतं खाली माडांच्या आगरात आणि दोन गावांच्या मध्ये असतो जांभ्याचा सडा, उंचावरचं खडकाळ पठार. म्हणजे प्रत्येक गावातून बाहेर पडायचं तर चढायचं, चढून झालं की परत उतरायचं. एकच मोठा घाट परवडला, कारण तो एकदा चढला की संपतो. इथे दिवसभर तेच.

डिसेंबर होता. सकाळी जमिनीकडून मतलई वारा होता, अंगाला गार लागणारा. दुपारी खारा वारा सुटतो, तो वायव्येकडून येतो. म्हणून मी उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं ठरवलं होतं. या किनाऱ्यावर हिवाळ्यात जाणाऱ्या प्रत्येकाने असंच करावं. दुपारचा वारा पाठीवर घेणं आणि छातीवर घेणं यात फार फरक पडतो.

कोळथरे सोडलं आणि चढावर मी उतरून सायकल ढकलायला लागले. पुढे एक मावशी कवळाचा भारा घेऊन उभ्या होत्या, दम खात. कवळ म्हणजे ऐन, किंजळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्या. भात कापून झालं की त्या तोडून वाळवून ठेवतात आणि पावसाच्या आधी भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं तयार करायच्या तुकड्यावर, पसरून भाजतात. तण मरतं, जमीन मोकळी होते, राखेचा उपयोग होतो आणि मग तिथे रोप काढतात. हे मला आधी काहीही माहीत नव्हतं, सगळं त्यांनी सांगितलं.

‘कुठं चाललाव?’

‘गुहागरला.’

‘सायकलनं? एकटीच?’

हो म्हटलं, आणि त्यांचा भारा माझ्या कॅरिअरवर ठेवायला सांगितला. आधी त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या हँडलला अडकवली, भारा आडवा टाकला आणि दोरीचा असा काही फास मारला की पुढच्या खड्ड्यांतही तो तसूभर हलला नाही. मी हँडल धरलं, त्यांनी मागून एक हात भाऱ्यावर ठेवला आणि आम्ही चढ चढलो. ओल्या पानांचा तुरट वास सगळ्या वाटेवर येत होता. वाडीत पोचल्यावर त्यांनी उकड्या तांदळाची पेज दिली, बरोबर सुकटीची चटणी. त्यांची सून दाभोळच्या बाजूचीच, तिने पुढच्या कुठल्या उतारावर खडी पसरलीय, फेरीबोट कुठून लागते, धक्क्याजवळची आदिलशाहीच्या काळातली शाही मशीद कशी चुकवू नये, सगळं सांगितलं. जवळजवळ दोन तास गेले त्यात.

गुहागरला पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. सकाळी उजाडताच निघाले होते. भावाने मोबाइलवर वेळ बघितली आणि म्हणाला, ‘साठला बारा तास? चालत गेलीस का?’ हो, बराचसा रस्ता चालत गेले, आणि माझ्यासाठी तोच भाग सगळ्यात मोलाचा होता. त्याला बुरोंडी आठवते ती चेकपॉइंट म्हणून. टेकडीवर पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली परशुरामाची मूर्ती त्याने बघितलेलीच नाही. खाली मान घालून अनोळखी मुलखातून जायचं तर आपल्या गावातल्या मैदानाला फेऱ्या माराव्यात, अंतर तेवढंच भरेल.

म्हणून तुम्हाला सांगते, चढावर उतरून ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही. कोणी हसलं तर हसू द्या. कॅरिअर काढू नका, वजन कमी होतं म्हणून लोक काढायला सांगतात (आमच्याकडेही सांगून झालंय). गिअरची सायकल कोकणात हवी, पण महागडी हवी असं अजिबात नाही. रस्ता मोबाइलला विचारा आणि वाटेत माणसांनाही विचारा, कारण नकाशावर रस्ता म्हणून दिसणारी रेघ कधीकधी वाडीतली पाखाडी निघते, नुसत्या दगडी पायऱ्या. आणि घरी आल्यावर कोणी किती झाले विचारलं तर गावांची नावं सांगा.

आता काही गोष्टी ज्या आधीच लिहायला हव्या होत्या. रोजच्या पंधरावरून एकदम साठवर जाऊ नका, मधे दोन-चार रविवार तीस-चाळीस करून बघा. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे चढ नकोत. निघण्याआधी ब्रेकचे रबर बदला. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, त्यामुळे आलटून पालटून दाबा, मधे थांबा. जादा ट्यूब आणि पंप घ्या, सड्यावर पंक्चरवाला भेटत नाही. सुटे पैसे ठेवा. पावसाळ्यात पहिल्यांदा जाऊ नका.

आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा आधी विचारून घ्या. २००३ पासून ती चालू आहे आणि सायकल घेतात, पण शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून केवढा तरी वळसा पडतो, तो संध्याकाळी सायकलने होणार नाही. तशी वेळ आलीच तर दाभोळलाच मुक्काम करा. मी असते तर चंडिकादेवीच्या गुहेत जाऊन आले असते, तिथे आत नुसत्या समया असतात.