एज्ड केअरमध्ये अडकलेली तरुण माणसं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा, ऑस्ट्रेलियाचा नागरिक. स्ट्रोकनंतर उजवी बाजू लुळी पडली. घराला पायऱ्या, म्हणून रुग्णालयाने २०२१ मध्ये त्याला मेलबर्नच्या एका एज्ड केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, पाठवलं. तो अजून तिथेच आहे, आजूबाजूला सगळे ऐंशीच्या पुढचे. एनडीआयएस, म्हणजे अपंगांसाठीची सरकारी मदत योजना, मंजूर आहे. त्याला बाहेर कसं काढायचं?
(वाचक, मेलबर्न)

उत्तर : मागायला आधी संकोच नको. एज्ड केअर रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, २०२१ च्या अहवालात १ जानेवारी २०२५ ही मुदत सुचवली होती, त्यानंतर ६५ च्या आतलं कुणी अशा जागी राहू नये म्हणून. मुदत उलटून गेली आणि तुमचा भाऊ तिथेच आहे. हा अन्याय आहे, तसंच म्हणा.

त्याच्या एनडीआयएस प्लॅनमध्ये 'मला एज्ड केअर सोडून स्वतःच्या घरात राहायचंय' हे ध्येय त्याच्या शब्दांत लिहून घ्या. मग सपोर्ट कोऑर्डिनेटरकरवी (प्लॅनमधली मदत जुळवून देणारी व्यक्ती) 'होम अँड लिव्हिंग' अर्ज, म्हणजे घर आणि तिथल्या मदतीसाठीचा अर्ज, द्या. हा अर्ज तरतो किंवा बुडतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं कशी जमतात ते तपासणारे तज्ज्ञ) अहवालावर. नुसतं 'दैनंदिन कामांत मदत लागते' एवढ्याने काही होत नाही. खुर्चीत बसवायला एक माणूस लागतो की दोन, होइस्ट (माणसाला उचलून हलवायचं यंत्र) लागतो का, आंघोळीला किती मिनिटं जातात, रात्री कितीदा कूस बदलून द्यावी लागते, मदत उशिरा आली तर काय होतं, हे सगळं आकड्यांत हवं. सोबत घरी राहणं, दोघा-तिघांबरोबर राहणं आणि स्वतंत्र युनिट यांची तुलना हवी, कोणतं का जमणार नाही यासकट.

घोळ होतो तो एज्ड केअरच्या नोंदवहीमुळे. तिथे मिळालेली मदत लिहिलेली असते, लागणारी नाही. संध्याकाळी सहालाच झोपवलं, तर वहीप्रमाणे त्याला संध्याकाळची काही गरजच नाही! म्हणून आठवडाभराची नोंद घरच्यांनी स्वतः ठेवावी आणि थेरपिस्टला द्यावी.

घराचे आणि माणसांचे पैसे वेगवेगळे मंजूर होतात. एसडीए म्हणजे घर, एसआयएल म्हणजे मदतनीस. होइस्ट लागत असेल तर 'हाय फिजिकल सपोर्ट' प्रकारचं घर मागा, त्यात छताच्या होइस्टची सोय धरलेली असते. भाडं म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शनच्या मूळ रकमेचा २५ टक्के हिस्सा आणि मिळणारा सगळा रेंट असिस्टन्स, म्हणजे सरकारी भाडेमदत. कायमचं घर ठरलं पण तयार नसेल, तर मधल्या काळासाठी साधारण ९० दिवसांची तात्पुरती जागा मागता येते. नकार आला तर तीन महिन्यांत अंतर्गत फेरविचार मागा, तिथेही नाही म्हणाले तर २८ दिवसांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जा. पहिल्या नकारावर थांबू नका.

आणि घर मिळेपर्यंत फिजिओ, स्पीच थेरपी, मापाची व्हीलचेअर, बाहेर नेणारा मदतनीस हे सगळं एज्ड केअरमध्ये असतानाही एनडीआयएसमधून मागता येतं. बरीच कुटुंबं ते मागतच नाहीत, होमवालेच देतील असं धरून चालतात.

प्रश्न : मुलीला गिळायला त्रास होतो, ती एज्ड केअरमध्ये आहे. घरचा वरणभात नेला तर नर्स देऊ देत नाही. एवढा मऊ असून का?
(वाचक, सिडनी)

उत्तर : नर्सचं बरोबर आहे. पातळ वरण आणि सुटी शितं तोंडात वेगळी होतात. वरण आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात आणि ठसका लागतो. पण म्हणून डबा बंद करायचं कारण नाही. स्पीच पॅथॉलॉजिस्टने (बोलणं आणि गिळणं यांचे तज्ज्ञ) तिला जेवणाच्या मऊपणाची कोणती पातळी दिली आहे ते विचारा. ४ म्हणजे एकजीव, गुठळी नसलेलं. ५ म्हणजे ओलसर, मोठ्यांसाठी ४ मिलिमीटरपर्यंतचे कण, साध्या काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे. पातळी ४ साठी भात आणि घट्ट वरण एकत्र वाटून गाळा. चमचा तिरका केल्यावर घास एकदम घसरून पडावा, चमच्याला चिकटू नये. पाणी सुटत असेल किंवा भात गोंदासारखा झाला असेल तर देऊ नका. भात गार झाला की घट्ट होतो, म्हणून ही परीक्षा खाऊ घालायच्या वेळी पुन्हा करा. साबुदाणा, पोहे, चिवडा नकोच. पहिला डबा पॅथॉलॉजिस्टसमोर उघडा आणि तिच्या केअर प्लॅनमध्ये 'घरचं जेवण चालेल' असं लिहून घ्या, म्हणजे ड्यूटी बदलली की पुन्हा वाद नाही.

प्रश्न : माझे पती टेम्पररी व्हिसावर आहेत. जिलाँगजवळ कारच्या अपघातात मणक्याला मार बसला. एनडीआयएस मिळत नाही, आता एज्ड केअरच असं सांगतात.
(वाचक, जिलाँग)

उत्तर : टेम्पररी व्हिसावर एनडीआयएस मिळत नाही, हे खरं. पण अपघात व्हिक्टोरियात झाला आहे. तिथे ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्सिडेंट कमिशन, म्हणजे टीएसी, चूक कुणाची आणि व्हिसा कोणता हे न बघता उपचार, उपकरणं आणि मदतनीस यांचा खर्च उचलतं. दावा एका वर्षाच्या आत करा. रुग्णालयातल्या सोशल वर्करला आजच सांगा : टीएसीचा दावा नोंदवल्याशिवाय एज्ड केअरच्या कुठल्याही कागदावर आम्ही सही करणार नाही.