उत्तर: दोन निधी संस्था, एक प्रकल्प आणि अडकलेला हप्ता

तुमची पोस्ट वाचली आणि खपलीच निघाली. एका प्रकल्पाला दोन आंतरराष्ट्रीय संस्थांचा पैसा, ‘लीड’ म्हणजे पुढाकार घेणाऱ्या संस्थेने पहिल्याच बैठकीत सांगितलं की आम्हाला दिलेला अहवाल दुसऱ्या संस्थेलाही चालेल, आणि आता दुसरी संस्था स्वतःच्या नमुन्यात सगळी व्हाउचरं नव्याने मागतेय. तोवर निधीचा हप्ता बंद. मीही याच जागी अडकले होते. प्रकल्प कुठला ते सोडा. मी हिशेबाच्या बाजूची, वकील नाही, आणि तुमचा करार मी पाहिलेला नाही. तेवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

वेगळं बँक खातं, दोन्ही निधींचे वेगळे कोड, बिलांवर शिक्के हे सगळं तुम्ही करत असालच. त्यावर बोलत नाही.

ते ‘चालेल’ नेमकं कुठे लिहिलंय ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते दोन संस्थांच्या आपापसातल्या करारात असतं. त्यात तुम्ही पक्षकार नसता, आणि मागितला तरी तो दाखवतीलच असं नाही. तुम्हाला लागू होतो तो तुमचा निधी करार. त्यात ‘संस्थेस आवश्यक वाटतील ती कागदपत्रे’ अशा अर्थाचं एक कलम हमखास असतं. त्या कलमाखाली दुसरी संस्था काहीही मागू शकते आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

वरच्या पातळीवर इच्छा नसते असं मी म्हणणार नाही. २००३ मध्ये रोमला आणि २००५ मध्ये पॅरिसला जाहीरनामे झाले: मदत देणाऱ्यांनी कार्यपद्धती जुळवून घ्यायच्या, मदत घेणाऱ्या देशाच्याच यंत्रणा वापरायच्या. पॅरिसच्या जाहीरनाम्यासाठी २०१० पर्यंतची १३ उद्दिष्टं ठरली होती. २०११ च्या पाहणीत जागतिक पातळीवर त्यातलं फक्त एक गाठलेलं निघालं, तांत्रिक सहकार्यातल्या समन्वयाचं. त्यामुळे तुमच्याकडे व्हाउचरं मागणाऱ्या अधिकाऱ्याला पॅरिस ऐकवू नका. मी ऐकवून पाहिलंय. ते मान डोलावतात आणि पुन्हा व्हाउचरं मागतात.

आता ज्याने आम्हाला सर्वांत महागात पाडलं त्याबद्दल. ते काम दोन्ही निधी संस्थांनी केलं नाही, त्यांच्या मधोमध बसवलेल्या एका समन्वय कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. त्याला नेमून दिलेलं काम एवढंच, की दोघांच्या मागण्या एकत्र करून आमच्याकडे एकच नमुना पाठवायचा. प्रत्यक्षात तिसरा नमुना जन्माला आला. एक संस्था परकीय चलनाचा दर पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशीचा धरायची, दुसरी बिल चुकतं केलं त्या दिवशीचा. आपापल्या जागी दोन्ही रीती ठीक. पण मग एकाच बिलाची रक्कम दोन विवरणांत वेगवेगळी येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. समन्वय कार्यालयाचं पत्र आलं: दोन्ही विवरणांतील एकूण खर्च तंतोतंत जुळल्याशिवाय हप्त्याचा प्रस्ताव पुढे पाठवता येणार नाही.

मी फरकाचा तक्ता जोडला. प्रत्येक बिलापुढे दोन तारखा, दोन दर, शेवटच्या रकान्यात फरक. उत्तर आलं की या तक्त्याला मान्य नमुना नाही. नमुना द्या म्हटलं, तर तो निधी संस्थांनी ठरवायचा. निधी संस्थांना विचारलं, तर समन्वय कार्यालयामार्फत या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तिसरं घर खास वाढपी म्हणून ठेवलं होतं, आणि त्याचा पगार आमच्याच ताटातून जात होता. खरंच, त्या कार्यालयाचा खर्च त्याच निधीवर टाकलेला होता.

दरम्यान पंप बसवणाऱ्या ठेकेदाराने माणसं उचलून दुसऱ्या कामावर नेली आणि थकलेल्या बिलावर व्याज लावलं. हे व्याज दोन्ही संस्थांच्या लेखी अपात्र खर्च. या एका बाबतीत मात्र दोघांचं चटकन एकमत झालं! शेवटी ते आमच्या संस्थेच्या गंगाजळीतून गेलं.

गाठ सुटली ती एका निधी संस्थेच्या वित्त विभागातल्या माणसामुळे. दराचा फरक स्पष्टीकरणासह मान्य आहे, एवढाच दोन ओळींचा ईमेल त्याने सगळ्यांना पाठवला. म्हणून माझं मत, कोणाला पटो न पटो: कार्यक्रम अधिकाऱ्याशी गोड संबंध ठेवा, पण पैसे सोडणारा माणूस कोण हे पहिल्या महिन्यातच शोधून काढा.

पुढच्या टप्प्याचा करार व्हायचा असेल तर संयुक्त सहवित्ताऐवजी (सहवित्त म्हणजे एका प्रकल्पाला दोघांचा पैसा) समांतर सहवित्त मागा. संयुक्त प्रकारात प्रत्येक बिलात दोघांचा ठरलेला टक्का असतो, म्हणजे प्रत्येक बिल दोघांच्या नियमांतून जातं. खरेदीत तर जास्तच त्रास. जागतिक बँक साधारणपणे कुठल्याही देशाच्या निविदाकाराला येऊ देते, तर आशियाई विकास बँकेचा मूळ नियम सदस्य देशांपुरता. सहवित्त असताना त्यात सूट मिळू शकते, पण ती निविदा निघण्याआधीच पक्की करून घ्या. समांतर प्रकारात कामंच वाटलेली असतात, एकाचं शुद्धीकरण केंद्र, दुसऱ्याची जलवाहिनी. यातही गोम आहे. केंद्र तयार आणि जलवाहिनीचा पत्ता नाही असं होऊ शकतं. तरी मी समांतरच घेईन.

अपवाद एक. दोघांनी खरोखर एकाच संस्थेचे नियम लावायचं ठरवलं असेल तर संयुक्त चालेल. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेने अलीकडे तशी चौकट केलीय. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, फ्रान्सची एएफडी आणि जर्मनीची केएफडब्ल्यू या विकास बँकांत ती आधीपासून आहे. पण ‘खरोखर’ म्हणजे तुमच्या करारात तसं कलम हवं.

पैसा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेतून येत असेल तर ऑडिटचं गणित वेगळं. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाचं ऑडिट फक्त त्यांचेच लेखापरीक्षक करतात, देणगीदार बाहेरून ऑडिटर पाठवू शकत नाही. युरोपीय आयोगाने २००३ च्या करारात त्यांच्याकडून ‘पडताळणी’चा हक्क घेतलाय, आणि पडताळणी कुठे संपते व ऑडिट कुठे सुरू होतं यावर दोघांची हुज्जत चालते. तुम्ही त्यात पडू नका. ओव्हरहेड, म्हणजे व्यवस्थापन खर्चापोटी होणारी कपात, तीही आधीच बघून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या सामायिक निधीत, म्हणजे अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र ठेवतात त्यात, व्यवस्थापकाचा १ टक्का आणि राबवणाऱ्या संस्थेचा ७ टक्के वजा होणं ही रूढ पद्धत आहे. अंदाजपत्रक त्यानंतरच्या आकड्यावर करा.

जाता जाता: ठेकेदार निवडताना एकाच बँकेची काळी यादी पाहून थांबू नका. २०१० च्या करारानुसार पाच मोठ्या विकास बँका एकमेकींची वर्षाहून मोठी बंदी पाळतात, म्हणजे एकीकडे अडकलेला ठेकेदार तुम्हाला दुसरीकडेही नडेल.

आत्ता काय करायचं? व्हाउचरांची अनुक्रमणिका आणि स्कॅन प्रती पाठवा, लीड संस्थेला प्रत लावून. सोबत एकच प्रश्न लेखी विचारा: हप्ता कोणत्या कलमाखाली रोखलाय? मूळ व्हाउचरं कोणाच्याही हातात देऊ नका, पुढचा ऑडिटर तीच मागेल. आणि नावं-रकमा खोडून ते कागदपत्रांचं कलम इथे टाकलंत, तर वाचून सांगते.