चर्च सुटलं, रविवार सुटत नाही

‘चर्च सोडल्याचा पश्चात्ताप नाही हो. पण रविवारी सकाळी काय करायचं, तेच कळत नाही.’

मी अमेरिकेतल्या युटा राज्यात समुपदेशनाचं काम करते, आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथातून बाहेर पडलेल्या माणसांकडून हे वाक्य मला सतत ऐकायला मिळतं. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ खरंच मिळाला होता का, देव आहे का, हे प्रश्न घेऊन फारसं कुणी येत नाही. ते त्यांच्यापुरते निकालात निघालेले असतात. वाचन झालेलं असतं, घरातली भांडणं झालेली असतात, बिशपना, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाला, सांगून झालेलं असतं. सोमवार ते शनिवार ठीक जातात. रविवार उजाडला की पोटात खड्डा पडतो. मग माणूस घाबरतो: आपला निर्णयच चुकला की काय?

मराठी वाचकाला यातला जाच चटकन उमगणार नाही. आपल्याकडची रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून मिळवली, १८९० साली. तेव्हापासून आपला रविवार म्हणजे उशिरा उठणं, मटणाचा रस्सा, दुपारची झोप. तो खंडोबाचा वार खरा, पण जेजुरीला का गेला नाहीस म्हणून कुणी जाब विचारत नाही. मॉर्मन घरात रविवार पाळायचा असतो. दुकानात जायचं नाही, हॉटेलात जेवायचं नाही, सामने नाहीत, पोहणं नाही. पंथाच्या ब्रिगहम यंग विद्यापीठाचे संघ रविवारी खेळत नाहीत, आणि युटाची राजधानी सॉल्ट लेक सिटीच्या मध्यभागी चर्चच्या मालकीचा जो मोठा मॉल आहे, तोही त्या दिवशी बंद असतो. महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा. दोन जेवणं सोडायची आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. सभा पूर्वी तीन तास चालायच्या, २०१९ पासून त्या दोन तासांवर आल्या.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतो. बिशप आठवडाभर आपली नोकरी करतो आणि रविवारी वॉर्ड सांभाळतो. वॉर्ड म्हणजे त्या भागातल्या घरांची मंडळी. प्रत्येकाकडे काही ना काही काम सोपवलेलं असतं. कुणी पियानो वाजवतं, कुणी लहान मुलांचा वर्ग घेतं, कुणी आजाऱ्यांच्या घरी जेवण पोचवायचं बघतं. म्हणजे चर्च सोडणारा माणूस प्रार्थनेबरोबर गल्ली सोडतो, मुलांचे मित्र सोडतो आणि हातातलं कामही सोडतो.

हॅनाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि बऱ्याच महिन्यांची बोलणी इथे मोजक्या प्रसंगांत आणली आहेत.

हॅना चाळिशीच्या जवळ आलेली, तीन मुलांची आई. जन्मापासून मॉर्मन. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चर्चने जगभरातल्या सभा थांबवल्या, तेव्हा रविवार पहिल्यांदाच मोकळा मिळाला आणि मनात दाबून ठेवलेल्या शंका वर आल्या. सभा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ती गेली नाही. नवरा श्रद्धावान होता आणि आहे. दर रविवारी तो मुलांना तयार करून घेऊन जातो आणि दहा ते बारा घर रिकामं होतं.

ते दोन तास हॅनाने गच्च भरून टाकले होते. कॉफी पंथाला वर्ज्य, म्हणून बरोबर दहाला कॉफीच्या दुकानात. मग किराणा. मग डोंगरातली पायवाट. एकही रविवार मोकळा जाऊ द्यायचा नाही, असा तिचा नेमच होता.

‘कॉफी आवडते?’ मी विचारलं.

‘नाही. कडू लागते.’

‘मग?’

‘पिता येते ना आता.’

किराणा दुकानात मात्र ती जीन्समध्ये कुणी पाहील या धास्तीने रांगांमधून वाट काढायची. रविवारी इथली दुकानं ओस असतात, त्यामुळे ओळखीचं कुणी भेटलंच तर लपायलाही जागा नसते. आणि पहिल्या रविवारी सकाळी तिला घास गिळवत नसे. उपवासावरचा विश्वास गेला होता, शरीर अजून उपवास धरत होतं.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत वाढलेली समुपदेशक आहे. या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांचा माझ्यावरचा प्रभाव मी कधी लपवला नाही. भावनेच्या मागे दडलेला विचार शोधावा, त्याला पुरावा मागावा, ही माझी रीत. हॅनाबरोबर तेच सुरू केलं. रविवारी दूध विकत घेतल्याने माणूस वाईट कसा ठरतो? कुणाचं काय बिघडतं? वॉर्डमधल्या बाईने पाहिलं तर ती काय विचार करेल, आणि तिने तो केला तर तुझं काय जाईल? हॅना हुशार होती. तिने एकेक विचार सोलून बाजूला ठेवला. दुकानातली धास्ती गेली. पहिल्या रविवारी पॅनकेक खाल्ल्याचं तिने मला हसत सांगितलं.

दहाचा खड्डा मात्र तसाच राहिला. कॉफीच्या दुकानात बसून ती घड्याळाकडे बघायची.

अपराधीपणाची साल निघाल्यावर आत काहीतरी वेगळं उरतं, हे मी या कामात पुष्कळदा पाहिलं आहे. त्या आत उरलेल्या गोष्टीशी वाद घालून चालत नाही. म्हणून त्या दिवशी मी विचारांना हात लावला नाही. म्हटलं, ‘तू दहा वाजता कुठे असतेस ते मला माहीत आहे. तिकडे, चर्चमध्ये, त्या वेळी काय चाललेलं असतं ते सांग. मिनिटामिनिटाने.’

तिने डोळे मिटले. आधी गाणं. मग अकरा-बारा वर्षांची मुलं पाव आणि पाण्याच्या ताटल्या घेऊन बाकांमधून फिरतात, पांढरे शर्ट खांद्यांवरून घरंगळणारे. बाळांच्या हातून बाकाखाली सांडलेला सुका नाश्ता. मग तास संपतो आणि मुलं आपापल्या वर्गांकडे पळतात. हॅनाकडे सात वर्षांच्या मुलांचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, कुणाशी न बोलणारा. तो फक्त हॅनाच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसायचा. ती खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली की दाराशी उभा राहायचा.

‘तो आता कुणाजवळ बसत असेल?’ हे म्हणताना तिचा आवाज फुटला. बराच वेळ रडली. मग चिडून म्हणाली, ‘बघा, हेच ते. म्हणजे मी चूकच केली ना?’

‘चूक वाटली तर माणूस स्वतःबद्दल बोलतो. मी वाईट, मी स्वार्थी. तू आत्ता कुणाबद्दल बोललीस?’

ती गप्प.

‘तुझी वाट बघणारं कुणीतरी होतं, आणि आता नाही. याला दुःख म्हणतात, हॅना.’

‘पण मला कुणी काढलं नाही. मी स्वतः सोडलं. स्वतः सोडलेल्या गोष्टीसाठी कसं रडायचं?’

तेव्हा मी तिला आमच्याकडच्या लग्नांबद्दल सांगितलं. मुलीने नवरा स्वतः पसंत केलेला असतो, घरच्यांशी भांडून मिळवलेला असतो, तरी पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून हमसून रडते. ‘एवढं वाईट वाटतंय तर लग्न मोड,’ असं मांडवात कुणी म्हणत नाही. रडूही खरं असतं आणि जाणंही.

हॅनाने हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ‘म्हणजे मी रडले तरी मला परत जावं लागणार नाही.’

इतके महिने ती रडली नव्हती, त्याचं कारण हे होतं. डोळ्यांत पाणी आलं तर चर्च खरं ठरेल, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती. कॉफी, किराणा, डोंगर हा सगळा खटाटोप ते पाणी थोपवण्यासाठी होता. मला विचाराल तर पंथ सोडलेल्यांच्या रविवारची किल्ली इथे आहे. अपराधीपणा आणि दुःख पोटात एकाच जागी दुखतात, म्हणून माणूस त्यांना एकच समजतो. मग तो एक तर परत जातो किंवा पळत सुटतो. एलिस यांच्या विचारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच: गमावल्याचं दुःख ही निरोगी भावना आहे, तिच्यावर उपचार करायचे नसतात. उपचार अपराधीपणावर करायचे.

दोन्हींतला फरक घरच्या घरी ओळखता येतो. अपराधीपणाला प्रश्न विचारले की तो विरतो. दुःखाला प्रश्न विचारले की ते आधी वाढतं, तपशील सांगू लागतं, मग शांत होतं. अपराधीपणाला लपावंसं वाटतं, दुःखाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. म्हणून जे येतात त्यांना मी आधी सांगायला लावते. कुठलं गाणं आठवतं, कुणाच्या शेजारी बसायचात, वर्गाच्या खोलीला वास कसला यायचा. ‘मागे वळून पाहू नका’ हा सल्ला इथे पंथ सोडलेली मंडळी एकमेकांना फार देतात. मला तो पटत नाही. पोकळी वाटते म्हणजे परत येण्याची हाक आहे, हे श्रद्धावान नातेवाइकांचं म्हणणंही मला तितकंच अमान्य आहे. पोकळी एवढंच सांगते की तिथे काहीतरी होतं.

रविवारी काय करावं, याबाबत माझी एक कसोटी आहे. वॉर्डमधल्या कुणालाही कधीच कळणार नसेल, तरी तुम्ही हे कराल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही अजून त्यांच्यासाठीच रविवार पाळताय, फक्त उलट बाजूने. हॅनाने कॉफी सोडली. डोंगरातली पायवाट ठेवली, ती तिला मनापासून आवडायची.

आणि करमणुकीपेक्षा असं काही शोधा जिथे ठरलेल्या वेळी कुणीतरी तुमची वाट बघेल. हॅनाने हे स्वतःच शोधलं, मी सुचवलं नव्हतं. तिच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या. त्यांना एकटं ठेवता येत नसे, म्हणून त्यांच्या मुलीला कित्येक रविवार चर्चला जाता आलं नव्हतं. आता दहा वाजता हॅना आजींजवळ बसते आणि मुलगी सभेला जाते. आजींना गाणी ऐकायची असतात. चर्चच्या टॅबर्नॅकल गायकवृंदाचा कार्यक्रम १९२९ पासून आठवड्याला प्रसारित होतो आहे, आजींना तो लहानपणापासून ठाऊक. ‘मला त्याने त्रास होईल असं वाटलं होतं,’ हॅना म्हणाली, ‘पण सूर चांगले आहेत हो.’ हे सांगताना ती मान ताठ ठेवून बसली होती, आणि माझ्या या कामाचं मला त्या क्षणी फार समाधान वाटलं.

नवऱ्याची बाजू राहून जाते बहुतेक वेळा. मॉर्मन जोडप्याचा विवाह टेंपलमध्ये, म्हणजे पंथाच्या खास पवित्र मंदिरात, अनंत काळासाठी बांधला जातो. बायको बाहेर पडली की मृत्यूनंतरचं कुटुंबही धोक्यात आलं, असं श्रद्धावान नवऱ्याला वाटतं. हॅनाचा नवरा एकदा तिच्याबरोबर आला. म्हणाला, ‘तिच्याशी वाद घालायचा नाहीये. पण तीन मुलांना घेऊन आत शिरताना बाकावर तिची जागा सोडायची की नाही, तेच कळत नाही.’ त्याचाही रविवार मोडला होता. हॅनाला हे नवीन होतं. तिला वाटत होतं की तो दर आठवड्याला तिच्यावर मूक आरोप करत दाराबाहेर पडतो.

त्यांनी आपापसात दोन गोष्टी ठरवल्या. मुलं परतली की ‘आज काय शिकवलं?’ हे हॅनाने विचारायचं नाही, ‘कोण कोण भेटलं?’ विचारायचं. पहिल्या प्रश्नात मुलांना परीक्षा दिसते आणि ती बापाकडे बघतात. आणि रविवारचं दुपारचं जेवण पूर्वीसारखंच ठेवायचं. सकाळी मंद आचेच्या भांड्यात मांस, बटाटे, गाजरं घालून निघायचं आणि सभेहून आल्यावर सगळ्यांनी खायचं, ही इथल्या घराघरांतली रीत. भांडं आता हॅना लावते, आजींकडे जाण्याआधी. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी चर्चचं मोठं अधिवेशन असतं, तेव्हा सगळं सासर टीव्हीसमोर जमतं. त्यासाठी आधीच ठरवून ठेवावं, किती वेळ बसायचं आणि कधी उठायचं. आयत्या वेळी ठरवायला गेलं की भांडण होतं.

त्यांचा मधला मुलगा लवकरच आठ वर्षांचा होईल. या पंथात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो आणि बहुधा वडीलच मुलाला पाण्यात उतरवतात. हॅनाला त्या दिवशी समोर बसायचं आहे, पण नंतर लोक मिठ्या मारतील तेव्हा काय बोलायचं, ते तिला अजून सुचत नाही. सध्या आम्ही त्यावर बोलतो आहोत.