बोट सगळ्यात शेवटी: वॉलआय स्पर्धांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात उत्तर अमेरिकेतल्या वॉलआय माशाबद्दल लिहिलं होतं. पर्च कुळातला, गोड्या पाण्यातला हा मासा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याचे काचेसारखे चमकणारे डोळे अंधूक उजेडात उत्तम पाहतात, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ, आभाळ भरलेलं असताना आणि वाऱ्याने पाणी खवळल्यावर जास्त खातो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक स्पर्धांबद्दलची आहेत.

लहानपण मालवणला गरवण्यात गेलं. आता मिनेसोटात स्थायिक आहे. स्पर्धेत उतरायचं आहे, पण बोट नाही. आधी बोट घेऊ का? (सेंट पॉल)

नको. नव्या माणसाचे पैसे बुडतात ते इथेच. स्पर्धेची बोट म्हणजे १८ ते २१ फुटी, खोल तळाची, मागे मोठं इंजिन, शेजारी हळू चालण्यासाठी ९.९ अश्वशक्तीचं छोटं इंजिन, पुढे बोट हळू, नेमकी सरकवणारी विजेची ट्रोलिंग मोटर आणि दोन-तीन सोनार, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारी यंत्रं. एवढं सगळं विकत घेऊनही मासा कुठे आहे ते कळत नाही.

स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार आहेत. मास्टर्स वॉलआय सर्किट १९८४ पासून चालते, तिथे दोघांची जोडी एकाच बोटीतून उतरते. नॅशनल वॉलआय टूरमध्ये बोटीचा मालक ‘प्रो’ असतो आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी टाकून ठरलेला ‘को-अँग्लर’. बोट नसलेल्याने को-अँग्लर म्हणूनच सुरुवात करावी. प्रवेश फी कमी असते, शिवाय दर दिवशी वेगळ्या जाणकाराच्या शेजारी आठ तास बसायला मिळतं. ही शिकवणी पैसे देऊन मिळत नाही. त्याआधी गावातल्या क्लबच्या संध्याकाळच्या छोट्या स्पर्धा दोन-चार वेळा करा.

दोन-तीन रॉड, एक लहान मऊ पिशवी, पावसाळी सूट, डबा आणि स्वतःचं लाइफ जॅकेट एवढंच न्या. न विचारता मालकाच्या सोनारला हात लावू नका. जाळं धरायची वेळ आली की जाळं पाण्यात खाली धरा आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्या. शेपटीकडून जाळं मारलं की मासा उसळून पुढे पळतो आणि गळ सुटतो. स्पर्धेतल्या मैत्र्या याच क्षणी तुटतात.

नेमका कशाचा सराव करावा? पद्धती इतक्या की डोकं गरगरतं. (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

दोनच पद्धती धरा: जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) आणि बॉटम बाउन्सर. जिग तुम्ही कुणाकडूनही शिकाल, म्हणून बाउन्सरबद्दल सविस्तर लिहितो.

बाउन्सर म्हणजे L आकाराची तार. तिची लांब बाजू तळाला टेकते, तिच्यावर शिशाचं वजन असतं आणि आखूड बाजूला मागची दोरी बांधतात. पाण्याच्या दर १० फूट खोलीला एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, हे मोजमाप धरून चाला. मागची दोरी ४ ते ६ फूट. तिच्यावर मणी, एक फिरणारी चकती आणि दोन गळ. गांडुळाच्या तोंडातून पुढचा गळ घाला, मागचा गळ शरीरात अशा जागी की गांडूळ सरळ ताणून राहील. गोळा होऊन राहिलं तर ते पाण्यात भिरभिरतं, दोरीला पीळ पडतो आणि मासा फिरकत नाही. बोटीच्या कडेला दोन फूट पाण्यात आमिष ओढून पाहा, चूक तिथेच दिसते.

वेग ताशी साधारण १ मैल. त्याहून फार हळू गेलात तर चकती फिरायची थांबते. दोरी पाण्यात साधारण ४५ अंशात शिरली पाहिजे. जास्त दोरी सोडली की बाउन्सर आडवा पडतो आणि दगडात अडकतो, नवशिक्याचं निम्मं सामान असंच जातं. तळ जाणवेपर्यंत सोडा, थांबा, रॉडच्या टोकाला अधूनमधून ‘टक’ कळला की पुरे. मासा लागल्यावर झटका देऊ नका. रॉड वाकू द्या, मग सलग ओढा.

एक गोष्ट विसरू नका: मिनेसोटात उघड्या पाण्यात माणशी एकच दोरी चालते, तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन. म्हणून तुमच्याकडे दोघांच्या बोटीतून सहा दोऱ्या बाजूला पसरवून ओढणं जमतं, मिनेसोटात नाही. स्पर्धा ज्या राज्यात, तिथल्या कायद्याप्रमाणे सराव करा.

वजनकाट्यापर्यंत येईतो आमचे दोन मासे मेले, गुण कापले गेले. मासे जिवंत ठेवायच्या टाकीतला पंप चालू होता. काय चुकलं? (टोलिडो, ओहायो)

पंप चालू असणं पुरेसं नाही. तीन शक्यता आहेत.

पहिली, खोली. वॉलआयच्या वाताशयाला, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीला, घशाशी जोडणारी नळी नसते, म्हणून आतली हवा तो पटकन बाहेर टाकू शकत नाही. ३० फुटांहून खोल पाण्यातून भराभर वर आणलात तर वाताशय फुगतं आणि मासा टाकीत पोट वर करून तरंगतो. सुईने हवा काढायची युक्ती चुकीच्या हाताने केली तर आतडी फुटतात, शिवाय परवानगी राज्याराज्यांप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात खोल पाण्यातले मासे धरायचेच नाहीत, असा नियम स्वतःला घालून घ्या. चार औंस कमी पडतील, पण मासा जिवंत राहील.

दुसरी, अर्धी भरलेली टाकी. एरी सरोवरावर लाटा उसळतात तेव्हा अर्ध्या टाकीतलं पाणी डचमळतं आणि मासे भिंतींवर आपटतात. टाकी झाकणापर्यंत भरा. बोट भरधाव असताना टाकीत पाणी घेणारं तळाचं तोंड पाण्याबाहेर येतं आणि नवं पाणी आत येत नाही. त्यामुळे निघण्याआधी पाणी ताजं करा, मग तेच पाणी फिरवत ठेवा आणि हवा चालू ठेवा. दुपारी पाणी तापलं तर बंद बाटलीत गोठवलेला बर्फ टाका. नळाच्या पाण्याचा बर्फ सुटा टाकू नका, त्यात क्लोरीन असतं.

तिसरी, वजनाची पिशवी. रांगेत उभं राहून पाच मिनिटं मासे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले की त्यातला प्राणवायू संपतो. नाव पुकारल्यावरच मासे पिशवीत घ्या.

आणखी एक. काही ठिकाणी टाकीत ठेवलेला मासा नंतर मोठ्याशी बदलता येत नाही. मासा ठेवायचा की सोडायचा, हे हातात असतानाच ठरवावं लागतं. स्पर्धेतलं निम्मं डोकं इथेच लागतं.

फोटोवर मोजमाप होणाऱ्या स्पर्धेत आमचा २६ इंची मासा बाद झाला. (फार्गो)

मासा मोजून लगेच सोडायच्या या पद्धतीत लांबीवरून वजन काढतात. बाद होण्याची कारणं ठरलेली: नाक पट्टीच्या आडव्या फळीला टेकलेलं नसणं, तोंड उघडं असणं, बोटांनी आकडे झाकणं, आणि त्या दिवसाची ओळखखूण फोटोत नसणं. पट्टी आधी ओली करा, फोटो काढून मोठा करून पाहा, मगच मासा सोडा. सोडल्यानंतर पुन्हा फोटो काढणार कशाचा?

जिंकणाऱ्यांची खोटं पकडायच्या यंत्रावर चाचणी होते म्हणे! मासे धरायचे की गुन्हेगार? (एडिसन, न्यू जर्सी)

हसू येतं खरं, पण बक्षिसं हजारो डॉलरची असतात. ३० सप्टेंबर २०२२ रोजी क्लीव्हलँडला एरी सरोवरावरच्या स्पर्धेत एका जोडीच्या पाच माशांचं वजन जवळपास ३४ पौंड भरलं. दिसायला मासे तेवढे मोठे नव्हते. आयोजकाने सगळ्यांसमोर पोट चिरलं, तर आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे. दोघांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला, दहा दिवसांची कैद झाली आणि बोटही गेली. फॉर्मवर चाचणीला संमती मागतात ती अशा फसवणुकीमुळे. बक्षिसाची रक्कम करपात्र उत्पन्न आहे, हेही तिथेच लक्षात ठेवा.

सराव संपवून बोट ओढून घरी नेताना काय तपासतात? (डुलुथ)

मिनेसोटात निघतानाच बोटीच्या तळाचं बूच काढायचं आणि टाकी रिकामी करायची, नाहीतर दंड. बाहेरून आलेले, तळी बिघडवणारे झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात ते याच पाण्यातून. आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणीही ओतून टाकायचं. चिमुकले मासे किंवा जळवा उरल्या असतील तर बाटलीतलं पाणी बरोबर ठेवा आणि त्यात त्या घाला. ट्रेलरच्या चाकामागे अडकलेलं शेवाळ बहुतेक जण विसरतात, तपासनीस आधी तिथेच वाकतो.

स्पर्धेबाहेर धरलेला वॉलआय आपल्या पद्धतीने करता येतो का? (शिकागो)

झकास होतो. मांस पांढरं, घट्ट, बिनवासाचं. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवून तळा. मधल्या रेषेतले बारीक काटे आधी काढा, मुलांच्या घशात तेच अडकतात. मात्र खायला १५ ते १८ इंची ठेवा आणि त्या पाण्यात किती लांबीचा मासा ठेवता येतो ते आधी पाहा. मोठ्या, म्हाताऱ्या माशांत पारा जास्त साठतो, त्यामुळे गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याचा तक्ता पाहूनच किती वेळा द्यायचा ते ठरवा.