स्पेनचा फुटबॉलपटू झाबी अलोन्सो खेळणं सोडल्यावर थेट मोठ्या क्लबचा कोच झाला का?

नाही, आधी पोरांना शिकवलं. 2017 ला बायर्न म्युनिककडून खेळून तो निवृत्त झाला आणि 2018 ला रेआल माद्रिदच्या 14 वर्षांखालच्या संघाचा कोच झाला. मग 2019 ते 2022 रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबचा ब (राखीव) संघ. हा टप्पा लोक विसरतात, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: 2021 ला संघ वरच्या विभागात चढला आणि पुढच्याच हंगामात खाली घसरला. ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीचा लेव्हरकुसेन क्लब हातात घेतला तेव्हा तो बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, शेवटून दुसरा होता. 2023-24 मध्ये त्याच लीगमध्ये 28 विजय, 6 बरोबरी, हार शून्य! फक्त ‘अख्खा हंगाम अजिंक्य’ म्हणू नका, युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेची फायनल ते इटलीच्या अटालांटा क्लबकडून 0-3 अशी हरले.

नाशिकरोडला मी शाळेच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हे सामने बारकाईने पाहिलेत. तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा इथे सेंट्रल मिडफिल्ड खेळतो आणि त्याला पुढे कोच व्हायचंय. त्याला आत्तापासूनच धाकट्या पोरांचा सराव घ्यायला लावा. पास येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, एवढं एकच दुसऱ्याला शिकवताना त्याचं स्वतःचं पक्कं होईल.